डाव्या हाताची भवानी

तमालचं, म्हणजे केळीच्या पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पुड्यांचं, पातेलं खाली गाडीवर न्यायचं म्हणजे दोन माणसांचं काम. वेस्लीने ते एकट्याने उचललं आणि जिन्याकडे निघाला, तेव्हा ओतीलियाबाईंना जावयाचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो राग.

"अरे, झाकण बघ, झाकण! वाफ सगळी जिन्यालाच देणार आहेस का?"

"नाही, बाईसाहेब."

"आणि तोंड झाकून घे. ऊन चढलं की टोमॅटो होतोस तू. मागच्या वेळी समुद्रावर गेलास तर नाक सोलून निघालं होतं."

"हो, बाईसाहेब."

हेच ते. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता घरात पाळणा हलायची वेळ आली, तरी हा माणूस सासूला अजून बाईसाहेब म्हणतो. जणू त्या बँकेत खातं उघडायला आल्यात! स्पॅनिश बोलायचा तर तेही असं, की भांडं 'तो', तमाल 'ती' आणि आंबा 'ते'. शहराच्या बसगाड्या दुरुस्त करायचं काम त्याचं, अंगापिंडाने ताडमाड, डोकं बारीक कापलेलं. ओतीलियाबाई त्याला पाठीमागे 'लांबोडा' म्हणत, आणि तो खोलीत असला तर जरा हळू आवाजात म्हणत, इतकाच फरक.

खिडकीच्या पडद्याआडून त्या बघत राहिल्या. खाली वेस्लीने गाडी ढकलली, निळी पिवळी छत्री तिच्यावर डुलत होती. बावीस वर्षं ती गाडी त्यांच्याशिवाय कधी कोपऱ्यावर गेली नव्हती.

"आई, पडदा सोड," मागून नायेली म्हणाली. सातवा महिना, दोन्ही हात कमरेवर. "रस्त्यावरून दिसतेस."

त्यांनी पडदा सोडला.

निकानोरला नेलं त्या दिवसापासून बाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. निकानोर म्हणजे शेजारची फळांची गाडी. आंबा, काकडी, वर लिंबू आणि तिखट. सकाळी दोघं आपापल्या छत्र्या उघडत आणि दुपारपर्यंत एकमेकांना टोमणे मारत. त्या दिवशी काळ्या काचांची गाडी येऊन उभी राहिली, त्यातून तोंडं झाकलेली माणसं उतरली. मीग्रा! बिनकागदांच्या परदेश्यांना धरून अमेरिकेबाहेर काढणाऱ्या या सरकारी लोकांना गल्लीत दुसरं नाव नाही, आणि निकानोरकडे काय, ओतीलियाबाईंकडे काय, कागद नव्हतेच. निकानोरच्या हातात अर्धा सोललेला आंबा होता. "एवढा गिऱ्हाइकाला देतो आणि येतो," असं तो म्हणाला म्हणे. देऊ दिला नाही. आणि ओतीलियाबाई? त्या तेव्हा कोपऱ्यावरच्या लाँड्रीत लघवीला गेल्या होत्या. लाँड्रीवाल्या तोमासाबाईने त्यांना तिथूनच साबणाच्या पोत्यांच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कुलूप घातलं. निकानोरची छत्री संध्याकाळपर्यंत तशीच उघडी होती. शेवटी तोमासानेच ती मिटली.

माणूस गेला आणि आपण वाचलो, तेही कशामुळे तर अशा कारणामुळे, याची बाईंना इतकी लाज वाटायची की त्या कुणाशी बोलत नसत. नुसत्या भिंतीकडे बघत बसत. मग एके दिवशी त्यांनी पलंगाखालची बॅग काढली.

"मी गावी जाते. आंपारोकडे," त्या म्हणाल्या. आंपारो त्यांची धाकटी बहीण, मेक्सिकोत, वाहाकाच्या डोंगरात राहायची. "मला कुत्र्यासारखं ओढून नेणार, त्यापेक्षा मी आपल्या पायांनी जाते."

नायेली रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. एकदा गेलेलं माणूस परत येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. नातवाचं तोंड फोनवर बघायचं, आणि त्यानं मोठं होऊन फोनवरच्या म्हातारीला हात हलवायचा. पण बाईंचं म्हणणं एकच: घरात कोंडून घेऊन पोरीच्या जिवावर बसून खाणारी बाई मी नाही. माझी गाडी उभी तर मी उभी.

तेव्हा वेस्ली बोलला. एरवी जेवताना फक्त 'मीठ द्या' म्हणणारा माणूस!

"बाईसाहेब, एक शनिवार मला द्या. तुम्ही तमाल करा. गाडी मी नेतो. मी अमेरिकन, मला कोणी धरत नाही. पातेलं रिकामा आला, तर तुम्ही राहायचं."

"आणि भरलेलं आलं तर?"

"तर मी तुम्हाला विमानतळावर सोडीन. नायेली रडली तरी."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चला, निदान स्वच्छ बोलतोय. त्या 'बरं' म्हणाल्या, कारण भरलेलं पातेलं परत येणार याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. या लांबोड्याला धड ओरडता येईना! बाईंची आरोळी कशी, पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत चढत जायची. "तमाऽऽऽलेस! केळीच्या पानातले, गरमाऽऽऽगरम!" त्यांनी त्याला स्वयंपाकघरात उभं करून शिकवली होती. तो म्हणाला, "तमाल आहेत. कृपया." नायेली हसून हसून खाली बसली होती. बाई हसल्या नव्हत्या.

तरीसुद्धा त्या पहाटे त्यांनी पीठ मळलं ते नेहमीसारखंच, हात दुखेपर्यंत. मोलेसाठी, आत घालायच्या त्या दाट तिखट रश्शासाठी, मिरच्या मोजूनमापून भाजल्या. वेस्लीने पैज हरावी असं वाटत असलं, तरी कच्चे तमाल गल्लीला खाऊ घालणं त्यांच्या रक्तात नव्हतं. आणि त्याने ती हरावी असं त्यांना खरंच वाटत होतं का, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

वेस्ली गेल्यावर दोघी मायलेकी टेबलाशी बसल्या. मधे नायेलीचा फोन. पहिल्यांदा त्यावर नुसतंच टिंग वाजलं. मग टिंग टिंग. मग असा काही गजर सुरू झाला की विचारू नका.

तो गल्लीचा ग्रुप. तोमासा चालवायची. कुठे गाडी दिसली, कुठे कोण उतरलं, सगळं त्यावर यायचं. एकच नियम होता आणि तो तोमासाने सगळ्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकला होता: कुणाचं नाव टाकायचं नाही, कुणाचं घर सांगायचं नाही. वाचणारा कोण आहे, काय सांगावं?

नायेलीने आवाज लावला. तोमासाचाच होता, आणि तो कापत होता.

"बायांनो, दारं लावा! कोपऱ्यावर एक जण उभा आहे. उंच, गोरा, डोळ्यावर काळा चष्मा, तोंड फडक्याने झाकलेलं, पायात बूट. आणि मेल्यांनी आता काय केलंय ऐका, तमालची गाडी आणलीय! आपल्याच माणसाची गाडी! छत्रीसुद्धा तीच! बिचारीला कुठे नेलंय देव जाणे. गाडीपाशी जाऊ नका, तो सापळा आहे!"

नायेलीच्या तोंडाचा आ झाला. खाली फोटो आला. धूसर होता, काचेआडून काढलेला. छत्री, पातेलं, आणि पातेल्यामागे खांबासारखा ताठ उभा वेस्ली.

"आई," नायेली म्हणाली, "हे तर आपलंच ध्यान."

बाईंनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. बूट बसगाड्यांच्या कारखान्यातले. चष्मा नायेलीने वाढदिवसाला दिलेला. आणि तोंडावरचं फडकं? ते त्यांनीच, स्वतःच्या तोंडाने सांगून, बांधायला लावलं होतं! बाई, बाई! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"मी लिहिते की तो माझा नवरा आहे."

"खबरदार! तू लिहिलंस की कुणाची गाडी ते कळलं, गाडी कळली की घर कळलं. तोमासा आधी तुझी जीभ कापेल. त्याला फोन कर."

फोन लावला. वेस्लीचा फोन शेजारच्या खोलीत पलंगावर वाजू लागला. बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस तो, कामावर जाताना फोन घरी ठेवायची सवय. आता कुणाला काय बोलणार!

टिंग. 'माझ्या पोराला मैदानावरून आणायला कुणी जाईल का?' टिंग. 'शिवणकामाच्या दुकानाने शटर ओढलं.' टिंग. 'तो काहीतरी ओरडतोय. तमाल आहेत कृपया म्हणतोय. असं कोण बोलतं?' टिंग. 'मला तर त्याने सुप्रभात म्हटलं, मी पळत सुटले.'

एरवी यावर दोघींनी पोट धरून हसायचं. नायेलीचे ओठ थरथरायलाही लागले होते. इतक्यात बाहेरून शिट्टी ऐकू आली. मग दुसरी, मग तिसरी. मीग्रा आली की गल्लीत शिट्ट्या वाजवायच्या, असं ठरलेलं होतं. म्हणजे लोक जमणार. वरच्या मजल्यांवरून काय काय खाली येणार कुणास ठाऊक. एवढ्या दिवसांचा साठलेला संताप तो, समोर बूट आणि चष्मा दिसला की कुठे थांबतोय?

ओतीलियाबाई उठल्या. कपाटाखालून बूट ओढले आणि खाली बसून एक पायात घातला.

"कुठे निघालीस?"

"माणूस मार खाईल तिथे. तो काय, 'कृपया' म्हणत उभा राहील. मी एकदा कोपऱ्यावर दिसले की सगळ्यांना कळेल."

"मी जाते!"

"हे पोट घेऊन? शिट्ट्यांमध्ये? बस खाली."

नायेली बसली नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली, पोट पुढे करून. "मला ढकल आणि जा."

"सरक, नायेली."

"नाही."

"अगं, मी तशीही जाणार आहे ना गावी! विमानाने काय, त्यांच्या गाडीने काय. पण तुझ्या नवऱ्याचं डोकं फुटलं तर तुझ्या पोराला बाप कुठून आणू?"

"आणि आजी कुठून आणू?" नायेली ओरडली आणि तिला रडू कोसळलं. बाई एका पायात बूट घालून तशाच उभ्या राहिल्या. लेकीला ढकलायला हात काही उठेना.

तेवढ्यात टिंग वाजलं. या वेळी चित्रफीत होती.

लाँड्रीच्या काचेतून काढलेली. गाडीपाशी फिदेन्सियो आजोबा आले होते, काठी टेकत. जोडे शिवायचे एके काळी. कान अर्धे गेलेले, फोन नाही, ग्रुप नाही. त्यांना ना सापळा ठाऊक ना शिट्ट्या ऐकू आलेल्या. त्यांना तमाल दिसला. चित्रफितीत मागून तोमासाचा आवाज होता, "अहो आजोबा! मागे फिरा! हे भगवंता, हा म्हातारा मरणार आज."

आजोबांनी पान सोललं, एक घास घेतला, मान हलवली. काहीतरी म्हणाले, बहुतेक मीठ कमी असल्याचं. ते गेली कित्येक वर्षं तेच म्हणत आलेत. वेस्लीने मान लववली. एकावर वरचा एक फुकट तमाल बांधून दिला, न मागता. आजोबांनी नोट पुढे केली.

आणि मग वेस्लीने ती नोट बोटांत धरली, डोक्यावरची टोपी काढली. नोट कपाळाला लावली. छातीला लावली. एका खांद्याला, मग दुसऱ्याला. तोंडावरचं फडकं खाली ओढून नोटेची पापी घेतली. आणि ती घडी करून पातेल्याच्या झाकणावर दोनदा टकटक वाजवली.

भवानी! दिवसाची पहिली विक्री, पहिली नोट. तिने क्रूस काढायचा, तिला ओठ लावायचे, आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना बोलावून आण म्हणून भांड्याला सांगायचं. या गल्लीतला फळवाला करायचा, फुगेवाला करतो, मोजे विकणारी पोरगीसुद्धा करते. कुणी कुणाला शिकवत नाही. झाकणावरची टकटक मात्र फक्त एका बाईची. दुसरं कुणी करत नाही.

चित्रफितीत तोमासाचा आवाज आला, एकदम वेगळा.

"अगं बाई. हा तर आपल्यातला आहे. टोपी, चष्मा, गाडी, सगळं कुणीही आणेल. हे त्यांना कोण सांगणार? आणि झाकण कुणासारखं वाजवलं ते मला ठाऊक आहे, नाव घेणार नाही. शिट्ट्या बंद करा गं. पण हा मेला सगळं उलटं करतोय! डाव्या हाताने! आधी उजवा खांदा! कुणी शिकवलं याला?" आणि मग ती हसायला लागली, आणि चित्रफीत हलायला लागली, आणि संपली.

नायेलीने डोळे पुसत ती पुन्हा लावली. ओतीलियाबाई मात्र वेस्लीच्या हाताकडे बघत होत्या.

डाव्या हाताने का?

वेस्ली उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने पाने फिरवतो. त्यांनी त्याला आरोळी शिकवली होती, चिमट्याने तमाल कसा काढायचा ते शिकवलं होतं. भवानी शिकवली नव्हती. सुचलंच नव्हतं. त्या कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या, एका पायात बूट, आणि बोटांत काही नसताना तो क्रूस काढला. उजवा हात, कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. आरशातल्या बाईने तेच केलं. पण तिचा हात होता डावा. समोर उभं राहून जो शिकेल, त्याचाही डावाच.

त्या पलंगावर बसल्या.

नायेलीशी ओळख व्हायच्या आधी हा लांबोडा रोज सकाळी गाडीसमोर उभा राहायचा. एक तमाल, एक पेला गरम आतोले, मक्याची गोड पेज, आणि ते संपेपर्यंत हलायचा नाही. वर्षभर बाईंना वाटायचं, गोऱ्याला माझा हात आवडतो. म्हणून त्या त्याला वरचा एक घालायच्या. मग कळलं की याचं लक्ष गाडीमागे भांडी विसळणाऱ्या पोरीकडे. तेव्हापासून बाईंनी तोमासाला, निकानोरला, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: वरचा एक देत गेले, तर मेल्याने वरची म्हणून पोरगीच नेली! गल्ली हसायची. पण मनात खरोखरच सल होता. आपल्याकडे कुणी पाहिलंच नाही, असा.

आणि हा मेला पाहत होता. सकाळी सकाळी, हातात पेला धरून, त्यांचा हात कपाळापासून झाकणापर्यंत जाताना पाहत होता. समोर उभं राहून, आरशात बघावं तसं शिकत होता. इतकं मनापासून, की डावं उजवंसुद्धा त्याने बदललं नाही.

"आई, काय झालं? रडतेस का?"

"बूट चावतोय," बाई म्हणाल्या, आणि काढून ठेवला.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. बाईंनी पावलं ऐकली आणि त्यांना कळलं. भरलेलं पातेलं घेऊन चढणारा माणूस असा चढत नाही. वेस्ली आत आला. नाक लालबुंद, फडकं गळ्यात, आणि रिकामं पातेलं एका हातात लोंबतंय.

"तोमासाबाईने सगळ्यांना आणला," तो म्हणाला. "रांग लावली. सगळे मला उलटा करून दाखव म्हणत होते. मी काय उलटा केलं, मला कळला नाही. एका मुलीने माझ्याबरोबर फोटो काढली. आणि फिदेन्सियो आजोबा म्हणाले, मीठ कमी."

"म्हातारा खोटं बोलतो," बाई म्हणाल्या. "बस. जेव आधी."

त्यांनी ताट वाढलं. तीन तमाल त्यांनी सकाळीच बाजूला काढून ठेवले होते, त्यातले दोन त्याच्यापुढे ठेवले. मग थांबून तिसराही ठेवला. नायेलीने ते पाहिलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

वेस्लीने नायेलीकडून चित्रफीत पाहिली. त्याचे कानसुद्धा लाल झाले.

"माफ करा, बाईसाहेब. उद्या उजव्या हाताने करीन. तुम्ही शिकवा." त्याने काटा खाली ठेवला आणि उजवा हात कपाळाकडे नेला.

ओतीलियाबाईंनी त्या हातावर फाटकन चापट मारली.

"हात खाली! ज्या हाताने पातेलं रिकामं झालं तो हात कुणी बदलतं का? अक्कल आहे की नाही? मी परत त्या कोपऱ्यावर उभी राहीन तेव्हा मी उजव्याने करीन, आणि तू समोर उभा राहून बघ, पेला धरून. बघतच होतास ना? तोवर तुझा डावा."

"तोवर म्हणजे किती दिवस, बाईसाहेब?"

"मला काय ठाऊक! मीग्राला विचार." त्यांनी पातेलं उचललं आणि घासायला मोरीत नेलं. नळ सोडला. मग पाण्याच्या आवाजाच्या वरताण, पाठ वळवून, ओरडल्या, आरोळीच्या त्या सातव्या मजल्यावरच्या आवाजात, "नायेली! आंपारोला फोन लाव. म्हणावं, मोलेच्या मिरच्या पाठव, भरपूर पाठव, मी येत नाही. आणि पलंगाखालची ती बॅग काढ, बाळाची दुपटी कुठे ठेवणार आहेस?"